एलोजी तिश्बेकर

देवदत्त नावाच्या मुलाला हाक मारताना आपण एक अख्खं वाक्य बोलतोय, हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. ‘देवाने दिला’ असं म्हणून आपण पुढे त्याला कोथिंबीर आणायला पिटाळतो. हिब्रू नावांचीही तीच तऱ्हा. ‘नातन’ म्हणजे दिलं. त्याच्या मागे देवाच्या नावाचा तुकडा जोडला की नतन्याहू, तोच तुकडा पुढे आणला की योनाथान. दोघेही देवदत्तच. ‘ओवद्याहू’ म्हणजे देवाचा दास. त्याच्या शेजारी आपला रामदास खुशाल बसवावा.

एलियाहू, म्हणजे मराठी बायबलमधला एलीया हा संदेष्टा (देवाचा निरोप लोकांना सांगणारा), या मंडळींत थोडा निराळा. त्याच्या नावात देव काही देत नाही, ऐकत नाही, राखत नाही. मुळात क्रियापदच नाही. ‘एल’ म्हणजे देव, हे सामान्यनाम. ‘याहू’ हा देवाच्या चार अक्षरी विशेषनामाचा आखूड केलेला तुकडा. हिब्रूला वर्तमानकाळात ‘आहे’ लागत नाही, त्यामुळे दोन नामं शेजारी ठेवली की विधान पुरं होतं: माझा देव याहू. मधला ‘इ’ म्हणजे ‘माझा’ की नुसता जुना जोडस्वर, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. जोडस्वर मानला तर अर्थ होतो ‘याहू हाच देव’. पहिल्या अर्थात कबुली आहे, दुसऱ्यात दावा. नाव ज्याच्यामुळे गाजलं त्या माणसाला दोन्ही शोभतात.

लिहिताना अक्षरं पाचच: आलेफ, लामेद, योद, हे, वाव. ‘एली’ची एक योद आणि ‘याहू’ची एक, अशा दोन दिसायला हव्यात; दिसते एकच. स्वरचिन्हं घातलेल्या प्रतीत या योदच्या पोटात एक ठिपका असतो. त्याला दागेश म्हणतात आणि तो व्यंजन दुप्पट करतो. म्हणजे काटेकोर लिहायचं तर देवनागरीत ‘एलिय्याहू’ असं लिहावं लागेल. ही दोन पदं उलट क्रमाने मांडली, आधी ‘यो’ आणि मग ‘एल’, की योएल होतो. बायबलमध्ये त्याही नावाचा संदेष्टा आहे. तेच दोन शब्द फिरवून दुसऱ्याचं बारसं उरकलं!

नावांत देवाचा तुकडा घालायची पद्धत त्या सगळ्या प्रदेशात होती, पण देव एकच नव्हता. एलियाहू इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकातला, उत्तरेकडच्या इस्राएल राज्यातला, अहाब राजाच्या काळातला. अहाबाची राणी ईजबेल सीदोनची राजकन्या. तिच्या बापाचं नाव एथबाल; शेवटी ‘बाल’ हा तिकडचा देव बसलेला स्पष्ट दिसतो. राजवाड्यात बालाची पूजा सुरू झाली आणि तिच्याविरुद्ध जो उभा राहिला त्याचं नावच ‘माझा देव याहू’. इथवर गोष्ट सरळ आहे. पण अहाबाच्या घरातली नावं एकेक करून वाचावीत. मुलगा अहज्याहू: याहूने धरलं. दुसरा मुलगा यहोराम: याहू थोर. त्याच घराण्यातली, पुढे यरुशलेमची गादी बळकावणारी अतल्याहू. आणि वाड्याचा कारभारी कोण, तर ओवद्याहू, मराठी बायबलमधला ओबद्या, ज्याने १०० संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहेत लपवले आणि जगवले. ज्या राजाला शास्त्र, म्हणजे बायबल, बालाचा भक्त म्हणून बोल लावतं, त्याने पोरांची नावं मात्र याहूवरून ठेवली. नावावरून घरातला देव ओळखायला जाणाऱ्याने हे घर आधी पाहून घ्यावं.

अहाबाची राजधानी शोमरोन, म्हणजे समारिया. तिथल्या उत्खननात १९१० साली शाईने लिहिलेली खापरं सापडली. ती अहाबाच्या सुमारे शंभर वर्षांनंतरची आहेत आणि त्यांवर नोंदी आहेत त्या द्राक्षाच्या मद्याच्या आणि तेलाच्या पुरवठ्याच्या. त्यांतल्या माणसांच्या नावांत याहू आहे आणि बालही आहे: अबीबाल, मरीबाल. गंमत अशी की उत्तरेच्या या खापरांवर ‘याहू’मधला ‘ह’ गळलेला आहे, उरलं ‘याव’. त्या हिशेबाने आपल्या संदेष्ट्याला त्याच्या मुलखात ‘एलियाव’ अशी काहीतरी हाक जात असावी. ग्रंथात आलेला लांब ‘याहू’ हा दक्षिणेकडच्या यहूदा राज्याचा थाट.

कर्मेल डोंगरावरचा सामना ठाऊक असतो तो आगीमुळे. पैज अशी की ज्याचा देव स्वतः आग पाठवून बळी पेटवेल, तोच खरा. दोन बैल, बालाचे ४५० संदेष्टे एका बाजूला, एलियाहू एकटा दुसऱ्या. १२ दगडांची वेदी, भोवती चर, वर ४ घागरी पाणी आणि तेही ३ वेळा, म्हणजे दुष्काळात १२ घागरी ओतल्या. पण नावाच्या अंगाने पाहिलं तर खरी जागा आगीनंतरची आहे. लोक पालथे पडून दोनदा ओरडतात: परमेश्वर, तोच देव. हिब्रूत ऐकलं तर ही आरोळी म्हणजे त्याच्या नावाचीच फोड; फक्त पदांचा क्रम उलटा, म्हणजे योएलचा. जमावाला जे पटवायला एवढा खटाटोप केला, ते त्याच्या आईबापांनी बारशालाच म्हणून ठेवलं होतं. योम किप्पूर या यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, उपासाच्या अखेरीस, सभास्थानात आजही हे वाक्य ७ वेळा म्हणतात. म्हणताना मूळ चार अक्षरी नाव उच्चारत नाहीत, त्याजागी ‘अदोनाय’ म्हणतात. ‘एलियाहू’ मात्र बेधडक म्हणता येतं, कारण त्यात चारांपैकी तीनच अक्षरं आहेत.

या नावाचे शास्त्रात आणखी तिघे आहेत, आणि त्यांना कोणी विचारत नाही. १ इतिहास ८:२७ मध्ये बन्यामीन वंशातल्या यरोहामाचा मुलगा. एज्रा १०:२१ मध्ये हारीमाच्या कुळातला एक याजक. एज्रा १०:२६ मध्ये एलामाच्या कुळातला एक. तिघांचीही नावं आखूड, ‘एलिया’. शेवटचा वाव नाही. बाबिलोनच्या बंदिवासानंतर ‘याहू’ झिजून ‘या’ होणं नेहमीचंच झालं होतं. एज्राच्या दहाव्या अध्यायातली ती यादी कसली, हे पाहिलं की मात्र हसू येतं. परक्या स्त्रियांशी लग्न केलेल्यांची ती यादी आहे. परक्या राणीशी उभा दावा मांडणाऱ्याचं नाव घेतलेले दोघे नेमके तिथे सापडले!

नाव वाचण्यात गफलत कुठे होते तेही सांगायला हवं. पहिली गफलत एलीशाची. तो शिष्य, हा गुरू. दोघांची नावं कानाला इतकी सारखी वाटतात की रविवारच्या शाळेतली मुलं हमखास चुकतात. एलीशाच्या नावात याहू नाहीच. ‘देव तारण’ असा त्याचा अर्थ. दुसरी गफलत अधिक अवघड. ईयोबाच्या पुस्तकात एलीहू नावाचा तरुण आहे, ‘तो माझा देव’. त्याचं नाव बहुतेक ठिकाणी शेवटी आलेफ लावून लिहिलंय, पण ३२:४ आणि ३५:१ मध्ये ते आलेफ नाही. मग उरतात आलेफ, लामेद, योद, हे, वाव. हुबेहूब एलियाहू! स्वरचिन्हांशिवायच्या मजकुरात दोघांना वेगळं काढायला संदर्भाखेरीज दुसरा उपाय नाही.

तिसरी चूक खुद्द शुभवर्तमानात नोंदलेली आहे. वधस्तंभावरून येशू ‘एली, एली, लमा सबख्थनी’ म्हणतो, आणि जवळ उभे असलेले म्हणतात, हा एलीयाला बोलावतोय. ‘एली’ म्हणजे माझा देव. नावाचा पहिला अर्धा भाग ऐकून त्यांनी दुसरा अर्धा मनानेच जोडला.

ग्रीकांनी या नावातला ‘ह’ सोडला, कारण शब्दाच्या मध्ये ‘ह’ लिहायला त्यांच्याकडे अक्षर नव्हतं, आणि पुरुषाचं नाव त्यांच्या व्याकरणात बसावं म्हणून शेवटी ‘स’ चिकटवला: एलियास. कुराणात ३७व्या सूऱ्यात तो इल्यास आहे, आणि आपल्याकडच्या मुसलमान घरांतला इलियास तोच. रशियात गेला तो इल्या झाला. इंग्रजीने केलेल्या ‘एलायजा’त तर मूळ ‘य’चा ‘ज’ झाला. एकाच वस्तीत इलियास, एलायजा आणि एलियाहू राहत असतील तर ते एकमेकांचे नामबंधू आहेत, बहुधा नकळत.

आता त्या गळालेल्या वावाकडे परत. संदेष्टा एलियाहूचं नाव शास्त्रात जवळपास सगळीकडे पूर्ण आहे. फक्त ५ ठिकाणी वाव नाही. चार वेळा २ राजे १ मध्ये, आणि पाचवी वेळ मलाखीच्या पुस्तकात, जिथे तो पुन्हा येईल असं वचन आहे. लेखनिकाची डुलकी म्हणून सोडून देता आलं असतं. पण इस्राएलांचा मूळपुरुष याकोब, त्याचं नाव नेमकं ५ ठिकाणी एक जादा वाव घेऊन येतं. अकराव्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार राशी लेवीय या पुस्तकाच्या २६:४२ वर जुनी परंपरा सांगतो: याकोबाने एलियाहूकडून ही अक्षरं गहाण ठेवून घेतली. येऊन माझ्या लेकरांच्या सुटकेची बातमी दे, मग सोडवून ने. अक्षर गहाण टाकल्याचा असा व्यवहार आणखी कुठे वाचायला मिळणार? आणि गहाण अजून सुटलेलं नाही.

अक्षरांना आकडेही असतात. आलेफ १, लामेद ३०, योद १०, हे ५, वाव ६: बेरीज ५२. ‘केलेव’ म्हणजे कुत्रा, त्याची बेरीज २०, ३० आणि २, म्हणजे तीही ५२. आणि तालमूद हा यहुदी धर्मशिक्षकांचा जुना ग्रंथ म्हणतो, कुत्री रडू लागली तर गावात मृत्यूचा दूत आला, कुत्री खेळू लागली तर एलियाहू आला. अशा बेरजा हव्या तितक्या जुळवता येतात, त्यांवर फार भिस्त ठेवू नये; पण ही सोडवत नाही.

आकड्यांचाच आणखी एक पेच थेट अलिबागला येऊन पोचतो. हिब्रूत १५ लिहायचे तर १० आणि ५, म्हणजे योद-हे. पण तो देवाच्या नावाचा तुकडा, एलियाहूच्या नावातलाच, म्हणून टाळतात आणि ९ आणि ६ लिहितात: तेत-वाव, उच्चारी ‘तू’. शेवात या हिब्रू महिन्याची पंधरावी तिथी म्हणून तू बिश्वात, झाडांचं नवं वर्ष, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. कोकणातल्या बेने इस्राएलांचा, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचा, ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ याच दिवशी. अलिबागजवळच्या खंडाळ्यात (लोणावळ्याशेजारचं नव्हे) एक खडक आहे, त्यावर त्याच्या रथाची चाकं आणि घोड्यांच्या टापा उमटल्याचं मानतात. म्हणजे ज्याच्या नावात योद-हे मिरवतात, त्याच्या उरुसाची तारीख योद-हे चुकवून लिहावी लागते.

तिथे मलिदा होतो. पोहे चाळणीत धुऊन निथळू द्यायचे. पाण्यात बुडवून ठेवले की लगदा होतो. त्यांत ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलदोडा, सुका मेवा. दूध-तूप नाही, त्यामुळे मागून मटणाचं जेवण असलं तरी मांस आणि दूध एकत्र न खाण्याचा यहुदी आहारनियम मोडत नाही. भोवती पाच जातींची फळं. केळ्यावर आशीर्वाद म्हणतात तो झाडाच्या फळाचा नव्हे, जमिनीच्या पिकाचा. केळीला लाकडी खोड नाही, म्हणून.

याच समाजाने पूर्वी हिब्रू नावांना मराठी वळण दिलं. शमुवेलचा सामाजी, अब्राहामचा अबाजी, इसहाकचा इसाजी, आणि एलियाहूचा एलोजी. ‘याहू’ गळला आणि त्याच्या जागी तानाजी-संताजीतला ‘जी’ येऊन बसला. व्याकरण काहीही म्हणो, उरलं ते ‘देव’ आणि ‘जी’, आणि देवाला जी म्हणण्यात कोकणात कोणालाच वावगं वाटलं नसतं. आडनावं गावांवरून आली: पेणकर, रोहेकर, नवगावकर.

एलियाहूच्या पारंपरिक गाण्यात त्याला तीन प्रकारे पुकारतात: हन्नाबी, हत्तिश्बी, हग्गिलादी. संदेष्टा, तिश्बेचा, गिलादचा. धंदा, गाव, मुलूख. बापाचं नाव शास्त्राने कुठेच दिलेलं नाही. १ राजे १७:१ मध्ये तो एकदम राजासमोर उभाच राहतो. आपल्याकडच्या कुठल्याही अर्जात त्याचा मधला रकाना कोराच राहिला असता. बाकीचे दोन भरता येतात: एलोजी तिश्बेकर.