शिवरात्र ते आषाढी: क्युअरिंग पास, पेटी नापास

आधी चांगली बातमी. रताळ्यांचं क्युअरिंग, म्हणजे काढणीनंतर ऊब आणि दमटपणात ठेवून जखमा भरू देणं, जमलं. शिवरात्रीआधी काढलेल्या मालात कुदळीने फाटलेली रताळीही मुद्दाम ठेवली होती. बंद न्हाणीघर, वर ओलं गोणपाट, सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याची बादली. पारा ३०च्या आसपास आणि आर्द्रता ८५च्या वर, असा आठवडा काढला. फाटलेल्या जागी चीक वाळून खाली फिकट तपकिरी साल धरली. अंगठ्याने रगडली तरी सुटत नाही! सडलं एकही नाही. (स्वस्तातल्या आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मिठाचा ओला लगदा आणि मापक एका डब्यात रात्रभर बंद करा, आकडा ७५ यायला हवा. माझा ६८ दाखवतो, म्हणून मी ७ मिळवून वाचतो.)

आता रडगाणं. क्युअरिंगनंतर माल वाळूच्या पेटीत भरला होता. परवा ती उपसली, तर काढताना एकदम निर्दोष दिसलेल्या रताळ्यांवर बारीक भोकं. कापलं तर आत काळपट बोगदे, कडवट उग्र वास आणि मुंगीसारखा दिसणारा, निळ्या-काळ्या पाठीचा, लाल पायांचा सोंड्या भुंगा. असं रताळं उकडूनही कडूच लागतं, आणि जनावरांना तर अजिबात घालू नये, विषबाधा होते.

संशय अर्थातच वाळूवर गेला. पण ती चाळून, उन्हात तापवून भरलेली. मग हिशेब मांडला: उबेत अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण महिना लागतो, आणि काढणीला तेवढाच काळ झालाय. म्हणजे पाहुणा शेतातूनच आला. मादीला माती खोदता येत नाही, ती भेगांतून कंदापर्यंत उतरते, आणि आमचं काळं रान पाण्याची पाळी जरा लांबली की भेगाळतं. दुसरी वाट बेण्याची. बुंध्याकडच्या जून वेलात अळी असू शकते, आणि बेणं देणाऱ्याने शेंडे-बुंधे एकाच जुडीत बांधून दिले होते. पुढच्या लागणीला फक्त शेंडे, दोनदा मातीची भर आणि कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर भुंगे ओढून पकडणारे). क्युअरिंग कितीही चोख करा, आत बसलेल्या अळीला त्याचं काय!

उरलेला माल निवडून झालाय. साठवणीला १३ ते १५ अंश तापमान लागतं. त्यात क्युअर केलेली रताळी सहा महिने सहज टिकतात, म्हणजे आषाढी गाठली. फ्रिजचा सल्ला कृपया देऊ नका. त्या गारठ्यात गाभा असा कडक होतो की शिजवूनही मऊ पडत नाही. बाहेर ठेवली तर चैत्रातच कोंब. म्हणून रांजणात ठेवणार होतो, पण हे लिहिता लिहिता दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेचा शून्य ऊर्जा शीतकक्ष आठवला: विटांच्या दोन भिंती, मधे ओली वाळू, वर झाकण. १५ अंश त्यातही मिळणार नाहीत, पण दुपारचा ताप तुटेल आणि आर्द्रता ९०च्या आसपास राहील, म्हणजे रताळी सुरकुतणार तरी नाहीत. रांजण रद्द. पडक्या गोठ्याच्या विटा आहेतच, रविवारी बांधायला घेतो. वाळूऐवजी राखेत कोणी ठेवली असतील तर सोंड्याचा अनुभव कळवा.