स्टॉप ओढला, तरी इंजिन पळतंय

टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बदलून झाला होता. सहा सिलिंडरचा डिझेल ट्रक, जुन्या पद्धतीचा डिझेलचा पंप, इंजिन बंद करायला केबिनमधून तारेनं ओढायचा स्टॉपर. मालकाचे सकाळपासून चार फोन येऊन गेले होते. जुन्या टर्बोचं सील गेलं होतं, शाफ्ट बोटानं हलत होता आणि प्रेशर पाइप आतून ऑइलनं माखले होते. मी पाइप पुसले. टर्बोकडून येणारी हवा थंड करणारा इंटरकूलर उतरवून धुवायला हवा होता, तो उतरवला नाही. पुढची जाळी, रेडिएटर, सगळं सोडवण्यात दोन तास गेले असते. ते दोन तास मी वाचवले.

एअर क्लिनरकडून येणारा मोठा रबरी होस अजून जोडला नव्हता. नव्या टर्बोचं पातं मोकळं फिरतंय का, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. उघड्या टर्बोवर इंजिन चालवू नये, हे मी पोरांना शिकवतो आणि स्वतः करतो. त्या दिवशी तेच कामी आलं, हा भाग वेगळा.

ड्रायव्हर सीटवर, गाडी न्यूट्रलमध्ये. सेल्फ मारला, इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. पाच मिनिटं आयडलला अगदी शहाण्यासारखं चाललं. हेल्पर पोरगा मालकाला पाठवायला मोबाइलवर शूटिंग करत होता. मी हात वर करून म्हटलं, "दे थोडी रेस."

ड्रायव्हरनं रेस दिली, आवाज चढला, त्यानं पाय काढला. आवाज उतरला नाही.

एखाद-दोन सेकंद मला वाटलं, पेडल अडकलं असेल. तेवढ्यात सायलेन्सरमधून निळसर-पांढऱ्या धुराचा लोट आला, इतका की गाडीची मागची बाजू दिसेनाशी झाली. ड्रायव्हरनं स्टॉपर ओढला. काही नाही. मी पंपाकडे धावलो, स्टॉप लिव्हर हातानं शेवटपर्यंत मागे दाबून धरला. पंप बंद होता, एक थेंब डिझेल पुढे जात नव्हतं, आणि इंजिन चढतच होतं. माझ्या बोटांखाली लिव्हर थरथरत होता आणि मला तेव्हा कळलं की हे डिझेलवर चालतच नाहीये.

इंटरकूलरच्या तळाशी जुन्या टर्बोनं ओकलेलं ऑइल साचलं होतं. आयडलला हवेचा ओढा कमी, म्हणून ते तसंच पडून राहिलं. रेस दिल्यावर हवेचा झोत वाढला आणि त्यानं ते ऑइल उचलून थेट सिलिंडरमध्ये नेलं. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, ती तोडली की विषय संपला. डिझेलला ठिणगी लागतच नाही. आत आलेली हवा १६ ते १८ पट दाबली गेली की ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि त्या हवेत जळण्याजोगं जे येईल ते पेटतं. शिवाय या जुन्या इंजिनांत हवेच्या वाटेवर झडपच नसते. हवा कायम मोकळी, वेग ठरतो तो फक्त डिझेलच्या मापावर, आणि ते माप गव्हर्नर राखतो. पण ऑइल गव्हर्नरच्या हातातून जातच नाही. वेग वाढला की टर्बो आणखी फिरतो, हवा आणखी ऑइल उचलते, वेग आणखी वाढतो. मधे आवर घालणारं कोणीच नाही.

पोरगा पाना घेऊन पुढे आला, नोझलचे पाइप ढिले करायला. मी त्याला ढकलून बाजूला केलं. पंपाचा रॅक, म्हणजे डिझेलचं माप ठरवणारा दांडा, पूर्ण उघडा अडकला असेल तर तो उपाय खरा. तेव्हा धूर बहुधा काळा असतो. इथे त्याचा उपयोग शून्य, आणि चुकून डिझेल तापलेल्या मॅनिफोल्डवर उडालं असतं तर आगही लागली असती.

"टॉप गिअर टाक, ब्रेक दाब, क्लच सोड!" मी ओरडलो. क्लचची गाडी असेल आणि सीटवर माणूस असेल तर इंजिन असं भाराखाली दाबून बंद पाडता येतं, अर्थात गाडीपुढे कोणी उभं नसेल तर. पण सीटवर माणूस नव्हता. ड्रायव्हर कधीच उडी मारून फाटकापाशी पोचला होता. मी त्याला दोष देत नाही. तो आवाज ज्यानं ऐकलाय, तोही देणार नाही.

राहिली हवा. भिंतीवर आग विझवायचा सिलिंडर होता, पण पावडरचा. कार्बन डायऑक्साइडचा असता तर टर्बोच्या तोंडात सोडून इंजिन गुदमरवता आलं असतं. हाताशी फडकं होतं, पण फडकं आत ओढलं जातं आणि पातं त्याच्या चिंध्या करून पुढे पाठवतं. तळहात तर नाहीच नाही. टर्बोचं तोंड चार इंची, आत पूर्ण पोकळी झाली तर त्यावर ऐंशी किलोच्या आसपास दाब येतो.

गाडीखाली झोपायला वापरतो ती प्लायची फळी पायाशी पडली होती. ती दोन्ही हातांनी कडेला धरली, बाजूनं गेलो आणि टर्बोच्या तोंडावर सरकवली. फळी माझ्या हातातून निसटून धप्पकन तोंडावर बसली. इंजिन खाली आलं, खोकल्यासारखं दोनदा हललं, आणि थांबलं. नंतरची शांतता विचित्र होती. धूर अजून वर जात होता आणि पोराच्या मोबाइलचं शूटिंग चालूच होतं. त्यात पाहिलं तेव्हा कळलं, पेडलवरून पाय काढल्यापासून एकूण ४१ सेकंद.

दुसऱ्या दिवशी इंटरकूलर उतरवला. आडवा करताच काळं ऑइल ओघळलं, मापात सव्वा लिटर भरलं. हेड उघडलं तर व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे, पुशरॉड, वाकलेले, आणि तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावर अर्धचंद्रासारखी खूण. वेग मर्यादेबाहेर गेला की स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत मिटवता येत नाहीत, पिस्टन वर येऊन त्यांना धडकतो. आणखी थोडा वेळ गेला असता तर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता. मालकाला खरं ते सांगितलं आणि काम माझ्या खर्चानं केलं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. ऑइल फक्त टर्बोतूनच येतं असं नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून येतं, तळाच्या ऑइलात धूळ पकडणारा ऑइलबाथ एअर क्लिनर मापाबाहेर भरला तरी येतं. नव्या गाड्यांत काजळीचा फिल्टर साफ करायला सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये. कधी तर इंजिनाला आजूबाजूची हवाच पुरते. मार्च २००५ मध्ये अमेरिकेत टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात गळलेल्या वाफेचा ढग पसरला, जवळच आयडलला उभ्या असलेल्या डिझेल पिकअपचं इंजिन ती वाफ ओढून पळायला लागलं, आणि बहुधा त्याच्याच ठिणगीनं ढग पेटला. १५ माणसं गेली. तेलविहिरींवर जाणाऱ्या डिझेल गाड्यांना हवा तोडणारी झडप बसवतात ती यासाठीच.

इंजिन बांधून झालं त्या दिवशी तोच ड्रायव्हर गाडी न्यायला आला. सेल्फ मारायची वेळ आली तेव्हा त्यानं कोपऱ्यातली प्लायची फळी स्वतःच उचलली. "काका, आज रेस तुम्ही द्या," म्हणाला. मी सीटवर चढलो, आणि तो फळी छातीशी धरून टर्बोच्या बाजूला उभा राहिला.