एका मरून स्वेटरची उसवण

निफाडला पारा उतरल्याची बातमी वर्तमानपत्रात आली की नाशिकच्या आमच्या घरी पलंगाखालची पत्र्याची पेटी बाहेर ओढली जाते. मागच्या नोव्हेंबरात ती उघडली तेव्हा दोन गोष्टी एकदमच ध्यानात आल्या. चौथीत गेलेल्या मुलीच्या स्वेटरच्या बाह्या मनगटापासून चार बोटे वर राहिल्या होत्या आणि पेटीत असे पाच स्वेटर होते, जे घरातले कोणीही घालत नव्हते. हिवाळ्यात शहरात तिबेटी विक्रेत्यांची जी दुकाने लागतात, तिथून एक नवा घेऊन टाकावा, असे यजमानांचे म्हणणे होते आणि ते व्यवहाराला धरूनच होते. तरीही जुने उसवून नवे विणण्याचे मी ठरवले. काटकसर हे त्यामागचे अर्धे कारण होते, आणि उरलेले अर्धे हे की पेटीचे झाकण बसत नव्हते.

विणकाम मला शाळेपासून येत होते. उसवण्यात शिकण्यासारखे काही असेल, असे मात्र कधी वाटले नव्हते. पहिला हात मी पिवळ्या तयार स्वेटरला घातला. बाजूची शिवण कापली, खांद्याकडून धागा ओढला आणि हातभर लांबीचा एक तुकडा हातात आला. पुन्हा ओढला, पुन्हा तुकडाच आला. अर्ध्या तासानंतर माझ्या मांडीवर शेवयांसारखा ढीग जमला होता आणि त्यात दोन हात लांबीचा एकही सलग धागा नव्हता. सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, आधी उलटा करून शिवण बघायची. हा कापून शिवलाय."

त्यांचे बोलणे अगदी बरोबर होते. स्वस्त तयार स्वेटर पुष्कळदा विणलेल्या सलग कापडातून कापतात आणि कडा ओव्हरलॉक मशीनवर शिवतात. कापताना प्रत्येक ओळीचा धागा दोन्ही टोकांना तुटतो, त्यामुळे उसवल्यावर ओळीला एक याप्रमाणे तुकडे हाती येतात. चांगल्या स्वेटरचे भाग मात्र आकार देऊनच विणलेले असतात आणि मग साखळीच्या टाक्याने एकमेकांना जोडलेले असतात. स्वेटर उलटा केला की फरक डोळ्यांना दिसतो. शिवणीवर दाट आडव्या-तिडव्या दोऱ्यांची पट्टी असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. कडा अखंड असतील आणि मधून साखळी गेलेली असेल तर तो उसवण्याजोगा समजावा. धान्याच्या पोत्याची शिवण योग्य टोक सापडताच सर्रकन निघते आणि चुकीचे टोक धरले तर जागची हलत नाही. साखळीच्या शिवणीचेही तसेच असते.

पिवळा गेला, आता क्रीम रंगाच्या कार्डिगनची पाळी आली. त्याची शिवण उत्तम होती, पण दोन वर्षांपूर्वी मीच तो गरम पाण्याच्या चक्रावर धुलाई यंत्रात घातला होता. अस्सल लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण यांचा मेळ जमला की ते एकमेकांत अडकतात, कापड आटते आणि त्याचा नमदा, म्हणजे जाड, घट्ट, एकजीव थर होतो. असा धागा ओढून निघत नाही, जोर केला तर तुटतो. नमद्याचा एक गुण मात्र असा की तो कात्रीने कापला तरी कडा सुटत नाहीत. म्हणून त्याचे सगळ्यांच्या बुटांत घालायचे तळवे कापले आणि गरम कढई उतरवायला दोन दुहेरी चौकोन शिवले. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, म्हणून हे चालते. ॲक्रिलिकच्या कापडाचे असे चौकोन करू नयेत, कारण ते उष्णतेने वितळून हाताला चिकटते.

टाकाऊतून टिकाऊ या नावाखाली बाटल्या रंगवून त्यांना सुतळी गुंडाळण्याचा जो प्रकार चालतो, त्यातली बाटली कधी टिकाऊ झालेली मी पाहिली नाही. ती फक्त कचऱ्याच्या डब्याऐवजी शोकेसमध्ये धूळ खाते. जी वस्तू घरात रोज कोणाच्या तरी हाताला किंवा पायाला लागणार नाही, ती करायची नाही, असा नियम मी त्या चौकोनांपासून स्वतःला घालून घेतला.

तिसरा स्वेटर यजमानांचा, त्यांच्या पहिल्या नोकरीच्या काळातला, मरून रंगाचा. कोपरे विरले होते, शिवण मात्र साखळीची होती. पुढे जाण्याआधी धागा कशाचा आहे, हे पाहायला हवे होते. शिवणीतून काढलेला एक तुकडा चिमट्यात धरून मोरीत मेणबत्तीवर जाळला. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत बाजूला घेताच आग मंदावली आणि उरलेली काळी राख बोटांत चुरली गेली. पिवळ्याच्या तुकड्याचा याउलट टणक काळा मणी झाला होता. मरून धागा लोकरीचाच आहे, हे यावरून नक्की झाले.

उसवणे वरून खाली करावे लागते. विणताना जे शेवटी झालेले असते ते आधी सुटते, आणि बहुतेक स्वेटर खालच्या पट्टीकडून वर विणलेले असल्यामुळे धाग्याचे टोक खांद्याशी शोधावे लागते. गळ्याचा भाग कारखान्यात कापलेला निघाल्याने पुढच्या बाजूचे वरचे वीतभर वाया गेले. त्याखाली मात्र धागा न तुटता सुटत गेला. ही कामे रात्री साडेनऊनंतरची. खुर्ची उलटी ठेवून तिच्या चार पायांभोवती मी लडी गुंडाळत असे. एक फेरा दीड मीटरच्या आसपास येई, त्यामुळे फेरे मोजले की लांबी कळे. खुर्ची रिकामी नसेल तेव्हा क्रिकेटचा सामना पाहत बसलेल्या यजमानांचे दोन्ही हात कामाला येत. आपलाच स्वेटर आपल्या हातांवर उलगडतो आहे, हे त्यांना षटक संपल्यावर लक्षात येई.

उसवलेला धागा कुरळा असतो आणि तसाच विणला तर टाके उंचसखल पडतात. प्रत्येक लडी चार ठिकाणी सैल बांधली आणि रिठे उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा तास भिजत ठेवली. पिळली नाही, फक्त टॉवेलमध्ये दाबून पाणी काढले आणि सावलीत दांडीवर टांगून खाली एकेक झारा अडकवला. वजन एवढेच हवे, कारण ओली लोकर जास्त ताणली तर लांबते आणि विणलेले कापड पहिल्या धुण्यात पुन्हा आखडते. समोरच्या गच्चीवरच्या काकूंनी, तुम्ही शेवया वाळवताय का, असे विचारले. दुसऱ्या दिवशी धागा जवळजवळ सरळ झाला. गुंडे सैल गुंडाळले.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर मूळ स्वेटर 430 ग्रॅम भरला होता. कोपऱ्यांचा विरलेला धागा आणि गळ्याचे तुकडे वगळून 340 ग्रॅम हाती आले. यंत्रावर विणलेल्या स्वेटरचा धागा हातविणीला बारीक पडतो, म्हणून दोन धागे एकत्र धरायचे ठरले. आपल्याकडच्या जुन्या क्रमांकांत सुईचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. पट्टीसाठी 11 नंबरच्या, म्हणजे 3 मिलिमीटरच्या सुया घेतल्या आणि अंगासाठी 9 नंबरच्या. नमुन्याचा चौकोन विणून मोजला तेव्हा 10 सेंटिमीटरमध्ये 24 टाके आणि 30 ओळी आल्या. मुलीची छाती 66 सेंटिमीटर, त्यात 8 सेंटिमीटर सैलपणा धरला की 74 आणि त्याचे अर्धे 37. पुढचे गणित मी सातवीतल्या मुलाला दिले, कारण त्या आठवड्यात त्याचे त्रैराशिक चालले होते. त्याने 88.8 असे उत्तर काढले आणि अपूर्णांक टाका कसा विणायचा, असे गंभीरपणे विचारले. आम्ही 89 धरले आणि शिवणीचे 2 मिळवून 91 टाके घातले. विषम संख्येमुळे एक सुलट एक उलट अशी पट्टी दोन्ही कडांना सारखी बसते, हा फायदा आपोआप मिळाला.

धागा संपला की गाठ मारायची सवय सासूबाईंनी मोडून काढली. लोकरीची दोन टोके थोडी उकलून एकमेकांवर आडवी ठेवायची, बोट पाण्यात बुडवून ती ओली करायची आणि तळहातांमध्ये ऊब येईपर्यंत जोराने चोळायची. ज्या गुणामुळे कार्डिगन आटले, त्याच गुणामुळे ही टोके एकजीव होतात आणि जोड हाताला लागत नाही. लोकर सोडून इतर धाग्यांना ही युक्ती लागू पडत नाही. मुलीला हे काम इतके आवडले की चांगला धागाही मध्येच तोडून जोडण्याची परवानगी ती मागू लागली.

सगळ्यात मोठी चूक मात्र रंगाची झाली. पाठीचा भाग वीतभर विणून झाल्यावर दिवसाच्या उजेडात पाहिले, तर मध्ये एक फिकट पट्टा आडवा उमटला होता. बाह्यांचा धागा उन्हाने आणि धुण्याने फिका पडला होता आणि पुढच्या भागाचा गडद राहिला होता. रात्री दिव्याखाली दोन्ही सारखेच दिसले होते. पंचेचाळीस ओळी उसवल्या. त्या रात्री मी कोणाशी नीट बोलले नाही, असे मुले सांगतात. दुसऱ्या दिवशी उपाय सुचला आणि तो इतका साधा होता की आणखी राग आला. नाहीतरी दोन धागे एकत्र विणायचेच होते, तर एक गडद गुंड्यातला घ्यायचा आणि एक फिक्या. मग सगळीकडे सारखीच बारीक मिसळण येते आणि ती मुद्दाम केल्यासारखी शोभते.

बाह्या मी नेहमीसारख्या मनगटाकडून वर विणल्या नाहीत. अंग जोडून घेतले, मुंढ्याच्या कडेवरून टाके उचलले आणि खाली मनगटापर्यंत विणत गेले. अशी बाही संपते मनगटाशी, म्हणून उसवतेही मनगटाकडून. पुढच्या वर्षी हात वाढले की फक्त बाहीची पट्टी उसवायची, चार बोटे वाढवायची आणि पट्टी पुन्हा विणायची. तीन स्वेटर उसवायला घेतले नसते तर हे मला सुचले नसते. अंगाची लांबीही 5 सेंटिमीटर जास्त ठेवली.

पिवळ्या स्वेटरचे जे भाग शाबूत होते ते सासूबाईंनी मागून घेतले. सुती जुनेराच्या दोन थरांमध्ये ते सपाट पसरून त्यांनी गोधडी घातली आणि कडेपासून चौकोनात आत आत धावदोरा भरत त्या दुपारी ओट्यावर बसत. चौथा स्वेटर कसरीने खाल्लेला होता आणि दर दोन हातांवर धागा तुटत होता, म्हणून तो सोडला. त्याचे चार थर घडी करून मोरीबाहेर पायपुसण्याखाली घातले आहेत.

पाचवा स्वेटर अगदी छोटा, निळा, सासूबाईंनी यजमान पाच वर्षांचे असताना हाताने विणलेला होता. हातशिवण, अस्सल लोकर, उसवायला पाचांतला सर्वांत सोपा. मी तो हातात घेतला तेव्हा त्यांनी गोधडीवरून मान वर न करता सांगितले, "त्याला हात लावायचा नाही." मी तो ठेवून दिला. त्याच्या पाठीवर कसरीची दोन भोके होती, ती मात्र मी उरलेल्या मरून धाग्याने रफू केली. निळ्यावर मरून ठिपके लपत नाहीत. सासूबाईंनी चष्मा लावून ते पाहिले आणि डावीकडचे सैल झाले आहे, एवढेच सांगितले. मी ते पुन्हा केले.

मुलीचा स्वेटर संक्रांतीनंतर चार दिवसांनी पूर्ण झाला. त्याला 280 ग्रॅम लोकर लागली आणि पदरचा खर्च रिठे आणि 9 नंबरच्या नव्या सुया एवढाच झाला. लागलेल्या रात्रींचा हिशेब धरला तर बाजारातला स्वेटर निश्चित स्वस्त पडला असता, हे मी यजमानांसमोर कबूल केलेले नाही. थंडी ओसरत आली होती, तरी मुलीने तो सकाळच्या शाळेला पंधरा दिवस घातला. वर्गात कोणी विचारले की हा बाबांचा आहे असे ती सांगत असे आणि कोणाचा विश्वास बसत नसे.

फेब्रुवारीत सगळे धुऊन, वाळवून, कडुलिंबाचा वाळका पाला घालून पेटीत ठेवले. मरून स्वेटर, त्याच्या बाहीत गुंडाळलेला बाह्या वाढवण्यासाठीचा 50 ग्रॅमचा गुंडा, निळा छोटा स्वेटर आणि वरून पिवळ्या पोटाची गोधडी. झाकण बसवायला मुलाला पेटीवर बसावे लागले.