तुम्ही विचारलंत म्हणून: तेर सोडून पॉम्पेई कशाला?

दिवाळीला घरी आले की विचारतात, व्हॉट्सॅपवर विचारतात, परवा एका लग्नात पंगतीत बसल्यावरही विचारलं. "अगं तू धाराशिवच्या तेरजवळची, आपल्याकडे एवढं जुनं पडलंय, ते सोडून त्या रोमन लोकांचं काय शूट करत बसलीयस?" आणि त्याच्या पाठोपाठ, "त्यांच्यावर तर ढीगभर डॉक्युमेंटऱ्या आहेत, अजून एक कशाला?" आजवर हसून वेळ मारून नेली, आता एकदाच नीट लिहिते.

पहिल्याचं उत्तर नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. पॉम्पेई म्हणजे इटलीतलं, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर; १९३८ साली तिथल्या एका घरात हस्तिदंताची बाई, म्हणजे छोटी मूर्ती, सापडली, वीतभर उंच, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना एकेक दासी. ती भारतातून गेलेली. तशा घडणीच्या बाया भोकरदनला सापडल्यात, आमच्या तेरलाही. तेर म्हणजे पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारी-प्रवासाच्या पुस्तकातलं तगर, तिथला माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा आणि तिथून जहाजाने पार पश्चिमेला, आणि पॉम्पेई गाडणारा व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला इ.स. ७९ मध्ये, म्हणजे बाई त्याच्या आधीच तिकडे पोचली होती. मग त्यांचं कुठलं आणि आपलं कुठलं हे मी कसं ठरवू?

आधी मी एवढं सांगून थांबायचे, समोरचाही गप्प व्हायचा. पण ते अर्धंच खरं आहे. ती मूर्ती नसती तरी मी पॉम्पेईत कॅमेरा लावून उभी राहिलेच असते, त्यासाठी मला तेरची परवानगी लागत नाही, आणि हे बोलले की लोक दुखावतात हेही माहितीये.

आता दुसरा प्रश्न. तो मला जास्त लागतो.

एका चॅनलसाठी आम्ही पॉम्पेईतल्या भिंतचित्रांच्या रिस्टोरेशनवर फिल्म करत होतो. तिथे एक रिस्टोरर बाई होत्या, आयुष्य त्याच कामात गेलेलं. जमिनीखाली होतं तोवर बरंच टिकलं, पण एकदा भिंत उघडी पडली की ऊन, पाऊस, ओल, सगळं एकदम सुरू होतं, आतला खार वर येतो, रंगाचे पोपडे सुटतात, शिवाय आधीच्या रिस्टोररांनी चकाकी यावी म्हणून लावलेले मेणाचे थर वेगळेच. बाई काय करायच्या तर उलट्या बोटांनी भिंतीवर टकटक करत जायच्या, आपण माठ घेताना वाजवून बघतो ना तसं. भरीव आवाज आला की पुढे. पोकळ आला की थांबायच्या, पुन्हा वाजवायच्या, आणि नकाशावर तेवढी जागा रंगवायच्या. मग तिथे बारीक भोकातून सिरिंजने चुन्याचं पातळ मिश्रण आत सोडायचं, सुटू बघणाऱ्या रंगावर जपानी कागद चिकटवायचा, तळहाताने दाबून धरायचं. बोलणं नाही. मी एक माईक अगदी भिंतीजवळ लावला होता, आणि भरीवाचा पोकळ होतो ती जागा हेडफोनमध्ये इतकी स्पष्ट कळायची की मीच मनात म्हणायचे, इथे थांबा. बाईंनाही ते रेकॉर्डिंग हवं होतं, कारण पुढे कुणी तीच भिंत वाजवली तर पोकळी वाढलीय का हे कळेल. नकाशात रंग राहतो, आवाज राहत नाही.

चॅनलने तो भाग उडवला. "इथे प्रेक्षक चॅनल बदलतो," एवढंच. त्या जागी कॉम्प्युटरवर केलेला लाव्हा आला, किंचाळत पळणारी माणसं आली. पॉम्पेई लाव्ह्याने बुडालीच नाही हो, आधी पमिसचे हलके दगड बरसत राहिले आणि मग तापलेल्या वायू-राखेचे लोट आले! हे मी लेखी कळवलं होतं. स्क्रीनिंगला बाई आल्या होत्या, चांगला कोट घालून, भाचीला घेऊन. त्या पडद्यावर पाठमोऱ्या दिसल्या, काही सेकंद, वर म्युझिक. बाहेर आल्यावर रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "आणि तो आवाज?" मी म्हटलं रॉ फुटेजमध्ये आहे. पण रॉ फुटेजचा हक्क कॉन्ट्रॅक्टनुसार प्रॉडक्शनकडे, मी किती मेल लिहिले, शेवटी उत्तरं यायचीच बंद झाली. ती हार्डडिस्क आहे की पुसून दुसऱ्या शूटला वापरली, मला आजही सांगता येणार नाही. बाई आता काम करत नाहीत.

म्हणून अजून एक डॉक्युमेंटरी. आणि आता माझी अट असते की सगळ्या फुटेजची एक प्रत साइटच्या लोकांकडे जाणार, नाहीतर मी येत नाही. त्यापायी कामं गेलीत.

यावर माझ्यातलीच जुनी मी भांडते. तिचं म्हणणं, आधी लोकांनी बघायला हवं, बघितलं तरच पैसा येतो. तिच्याकडे पुरावाही आहे, ६ नोव्हेंबर २०१० ला पॉम्पेईतली स्कोला आर्माटुरारुम ही प्राचीन इमारत पावसानंतर कोसळली, ढिगाऱ्याची दृश्यं जगभर गेली, आणि मग साडेदहा कोटी युरोचा प्रकल्प उभा राहिला. मी म्हणते, भिंत उभी होती तेव्हाही कॅमेरे होतेच की, पैसा ती पडल्यावरच का आला? आणि लोक येतात म्हणजे किती, तर २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २०,००० अशी मर्यादा घालावी लागली. त्या गर्दीत आमच्या फिल्म्सचा वाटा नाही असं मी म्हणू शकत नाही.

पण रोमजवळच्या नेमी तळ्यातल्या नौका आठवल्या की माझं पारडं पुन्हा जड होतं. रोमन सम्राट कॅलिगुलाच्या दोन प्रचंड नौका, सत्तर मीटरच्या आसपास लांब, मुसोलिनीच्या काळात तळ्याचं पाणी उपसून बाहेर काढल्या, त्यांच्यासाठी म्युझियम बांधलं, आणि ३१ मे १९४४ च्या रात्री आगीत दोन्ही खाक. आज उरलेत ते ब्रॉन्झचे काही तुकडे, मोजमापाची ड्रॉइंग्ज, फोटो आणि त्या काळच्या न्यूजरील. ज्याने ती रीळं फिरवली त्याला बातमी करायची होती, दुसरं काही नाही. तरी आज त्या लाकडाकडे बघायचं तर त्याच्याच डोळ्यांनी. फिल्मने भिंत उभी राहत नाही, त्याला छप्पर लागतं, पाण्याला वाट काढून द्यावी लागते, हे मला कुणी शिकवायला नको. पण उद्या ती नसेल तेव्हा काय?

आणि तेरचं म्हणाल तर करायचंय, मनापासून करायचंय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी तेरच्या जुन्या उत्खननाच्या वेळचे फोटो, एखादं रीळ, खड्ड्यात काम केलेल्या आजोबांची आठवण रेकॉर्ड केलेली कॅसेट असं काही असेल तर मला कळवा. कॅसेट चालत नसली तरी फेकू नका, मी येऊन घेऊन जाईन.