सुट्टं न्हाई, स्कॅन करा

तीन आठवड्यांच्या सुट्टीवर पुण्यात आलेय. पहिल्याच शनिवारी आईला अळूवड्यांची लहर आली, म्हणून पिशवी घेऊन निघाले. वनाजला मेट्रोत बसले, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली आणि थेट मंडईच्या पोटातून वर आले. २०२४ च्या सप्टेंबरात हे स्टेशन सुरू झालं तेव्हा मी जर्मनीत, लाइपझिगमध्ये बसून त्याचे व्हिडिओ बघत होते. लक्ष्मी रोडवर रिक्षात घालवलेले तास आठवले आणि सरकत्या जिन्यावर उगाचच गळा दाटून आला. असो.

अळू, मेथी, कोथिंबीर मिळून सत्तर रुपये झाले. मी पाचशेची नोट पुढे केली. मावशींनी नोटेकडे अशी नजर टाकली की मी जणू दमडी-कवडीच काढली होती.

"सुट्टं न्हाई ताई. सकाळधरनं नोट बघितली न्हाई कुणाची. स्कॅन करा."

तराजूच्या दांडीला प्लास्टिकमध्ये घातलेला क्यूआर कोड लटकत होता, त्याच्या शेजारी लिंबू-मिरची. खाली मेथीच्या ढिगात तो पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा. माझ्या मागची मुलगी माझ्या खांद्यावरून फोन पुढे करून मोकळीसुद्धा झाली.

माझ्याकडे यूपीआय नाही, असं मी म्हणाले. हे वाक्य मंडईत मोठ्याने म्हणायला किती लाज वाटते, ते म्हटल्याशिवाय कळणार नाही.

"ऱ्हाऊ द्या मग. येताल तवा द्या."

"नाव लिहून ठेवता का?"

"नाव कशाला? तोंड हाय की लक्षात."

लाज वाटायचं खरं कारण वेगळं आहे. गेली आठ वर्षं मी याच विषयावर जर्मनांची टर उडवत आलेय. आमच्या घराखालच्या बेकरीत हाताने लिहिलेली पाटी आहे : नुर बारत्साहलुंग, फक्त रोख. केस कापायला रोख, रविवारच्या जुन्या बाजारात रोख. त्यांच्या मध्यवर्ती बँकेच्याच २०२३ च्या पाहणीत शंभरातल्या ५१ खरेद्या रोखीने झालेल्या निघाल्या. ऑफिसात जेवताना मी सांगायचे, आमच्याकडे कोथिंबिरीची जुडीसुद्धा फोनवर मिळते. हे यूपीआय २०१६ साली सुरू झालं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात व्यवहारांची संख्या दोन हजार कोटींवर गेली. आणि मी कुठली? ज्या शहरात अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९९१ साली 'परम' बांधून दाखवला, तिथली. हेही मी सांगायचेच, कोणी विचारलेलं नसताना.

एक सहकारी दर वेळी तोच प्रश्न विचारायचा, "आणि ज्याच्याकडे फोन नाही त्याचं काय?" मला तो प्रश्न जळफळाटातून आलेला वाटायचा. थोडा असेलही.

रोखच का, याचं जर्मनांकडे उत्तर तयार असतं, ते मला आता पाठ झालंय. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी माणसामाणसाबद्दल जमवलेले कागद ओळीने लावले तर १११ किलोमीटर भरतात, त्यामुळे आम्ही कुठे काय घेतलं याची नोंद राहिलेली आम्हाला आवडत नाही. लाइपझिगमधली या पोलिसांची कचेरी ४ डिसेंबर १९८९ ला नागरिकांनी ताब्यात घेतली, आज तिथे संग्रहालय आहे. मी बघून आलेय, अंगावर काटा येतो. पण म्हणून प्रत्येक गैरसोयीवर इतिहासाची शाल पांघरायची? मला घरी इंटरनेट मिळायला पाच आठवडे लागले. बँकेचा पिन पोस्टाने आला, आणि तो येतो आहे असं कळवणारं पत्र त्याच्या आदल्या दिवशी आलं. यात गुप्त पोलिसांचा काय संबंध?

तर माझं यूपीआय का नाही? गेल्या वर्षी माझ्या पुण्याच्या नंबरचं रिचार्ज करायचं राहून गेलं. तीन महिने नंबर वापरात नसला की तो बंद करता येतो आणि पुढे काही काळाने दुसऱ्याला देता येतो. माझा दिलाय. आता त्या नंबरच्या डीपीवर एक छान सजवलेली बैलजोडी आहे. जर्मन नंबरवर यूपीआय चालेल म्हणावं, तर २०२३ च्या जानेवारीत दहा देशांतल्या नंबरांना ही सोय द्यायचं जाहीर झालं, त्यात अमेरिका होती, सिंगापूर होतं, आखातातले देश होते. जर्मनी नव्हता. बँकेत नंबर बदलायला गेले तर जुन्या नंबरवर ओटीपी जाईल म्हणाले. म्हणजे बैलजोडीवाल्याला. तो नसेल तर अर्ज, पासपोर्टची प्रत, आणि सात दिवस, कामाचे. मला परत जायला तेव्हा तेरा दिवस उरले होते, बिनकामाचे धरून.

एक नंबर नसला की आपण पुण्यात किती थोडे उरतो! हॉटेलात वेटिंग लिस्टला नंबर. औषधाच्या दुकानात बिलाला नंबर. मैत्रिणीच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने टॅब पुढे केला, "मॅडम, ओटीपी येईल तो सांगा." ओटीपी येणार नव्हता. शेवटी मैत्रीण चप्पल घालून सातव्या मजल्यावरून खाली आली, पंधरा वर्षांपूर्वी यायची तशी. लाइपझिगमध्ये बेल वाजवली की बेलखाली आडनाव असतं आणि दार उघडतं. (पार्सलवाला मात्र बेल न वाजवताच "घरी कोणी नव्हतं" अशी चिठ्ठी टाकून पळतो. ते आत्ता राहू दे.)

सगळ्यात वाईट प्रसंग दवाखान्यातला. बाबांना डोळे दाखवायला घेऊन गेले आणि त्यांचा फोन घरी टीव्हीवर राहिला. त्यांना स्वतःचा नंबर पाठ नाही. काउंटरवरच्या मुलीला केसपेपरसाठी नंबर हवा होता, म्हणून मी माझा जर्मन नंबर सांगितला, अधिक चार नऊ पासून. तिने टाकला. खाली लाल अक्षरं आली. पुन्हा टाकला, पुन्हा लाल. "सिस्टिम घेत नाहीये हो." बाबा मागे खुर्चीत हातात जुनी फाइल धरून बसलेले, त्या फाइलवर नाव, वय, चष्म्याचा नंबर, सगळं होतं. दहा आकडे तेवढे नव्हते.

मी तिच्यावर चिडणार होते. पण ती लाल अक्षरं माझ्या ओळखीची होती. २०११ मध्ये हिंजवडीत असताना मी असले फॉर्म लिहिलेत. नंबर दहा आकडीच हवा, पहिला आकडा ७, ८ किंवा ९, नाहीतर पुढचं बटण करडं. ज्याच्याकडे असा नंबर नसेल त्याचं काय, हे तेव्हा कोणी विचारलं नाही, मीही नाही. मला वरून कागदावर तसंच लिहून आलं होतं. पुढे ६ पासूनचे नंबर निघाले तेव्हा कोणीतरी ती ओळ बदलली असेल अशी आशा आहे. काउंटरवरच्या मुलीने शेवटी स्वतःचाच नंबर टाकला. बाबांचे रिपोर्ट आता तिला जातात.

बाहेर राहून इथल्या सोयींना नावं ठेवणं सोपं असतं, हे मला काका-आत्या न सांगता सुनावतातच. पण बाबा तर इथेच राहतात ना? त्यांचं विजेचं बिल, गॅस, रिक्षा, सगळं शेजारचा अकरावीतला मुलगा करतो. बाबांचा यूपीआय पिन फ्रिजवर, दूधवाल्याच्या हिशोबाखाली पेन्सिलने लिहिलेला आहे. मी तो खोडायला गेले तर बाबा म्हणाले, "खोडू नकोस, मग त्याला कसा कळेल?" मुलगा चांगला आहे म्हणून चाललंय. पुढच्या वर्षी तो बारावी होऊन कुठे जाईल ते माहीत नाही. मी स्वतः बारावीनंतर चार वर्षांत घराबाहेर पडले होते, त्यामुळे त्याला काही म्हणायची सोय नाही.

एवढं सगळं होऊनही, लाइपझिगला गेल्यावर जेवणाच्या टेबलावर मी पुन्हा कोथिंबिरीचंच सांगणार, हे मला माहीत आहे. फक्त त्या सहकाऱ्याच्या शेजारी बसणार नाही.

मंगळवारी मंडईत परत गेले. दोन दिवस पीएमटीच्या कंडक्टरकडून आणि देवळाबाहेरच्या फुलवाल्याकडून मुद्दाम सुट्टे जमवले होते, तीन विसाच्या नोटा आणि दहाचं एक नाणं. मावशी नव्हत्या, त्यांचा मुलगा होता. शनिवारचे सत्तर द्यायचे आहेत म्हटल्यावर त्याने मान वर केली.

"स्कॅन करा ना."

मी पैसे त्याच्या हातावर ठेवले. त्याने मोजले. माझ्या मागे एक आजोबा कापडी पिशवी आणि शंभराची नोट धरून कधीचे उभे होते, तीस रुपयांची मेथी घेऊन. त्याने माझे सत्तर तसेच्या तसे त्यांच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "घ्या आजोबा, झाले तुमचे सुट्टे."