गिट आधी फाइल वाचतच नाही

गिट म्हणजे फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्राम. त्यात ठेवलेल्या जिनिंगच्या वजनकाट्याच्या नोंदी समजा. रोजची एक सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल), गाडी क्रमांक, भरलेलं वजन, रिकामं वजन. चार हंगामांत फाइली साठतात, तरी 'गिट स्टेटस' (काय बदललं ते सांगणारी आज्ञा) मारलं की उत्तर लगेच हजर. सगळ्या फाइली वाचून हे जमलंच नसतं.

'.गिट' फोल्डरात 'इंडेक्स' नावाची एक बायनरी फाइल असते. त्यात प्रत्येक फाइलीच्या नावापुढे मजकुराचा शा-१ हॅश (मजकुरावरून निघणारी ठशासारखी खूण, १६० बिट, म्हणजे ४० हेक्स अक्षरं), बाइटमधला आकार, एमटाइम (मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ), सीटाइम (फाइलीची कुठलीही माहिती शेवटची बदलल्याची वेळ), आयनोड (डिस्कवरचा फाइलीचा क्रमांक), मालक आणि मोड (फाइलीच्या परवानग्या) लिहिलेला असतो. स्टेटसच्या वेळी गिट ऑपरेटिंग सिस्टिमला एवढंच विचारतं: या फाइलीची आत्ताची माहिती काय? सगळं जुळलं तर पुढची फाइल (एक अपवाद पुढे येतो). काही जुळलं नाही आणि तेवढ्यावरून निकाल लागत नसेल, तरच फाइल उघडते. मजकुराच्या आधी 'ब्लॉब' हा शब्द, आकार आणि एक शून्य बाइट जोडून हॅश निघतो. तो जुना निघाला तर 'मॉडिफाइड' येत नाही, इंडेक्समधली वेळ तेवढी दुरुस्त होते. म्हणून नुसतं 'टच' करून (मजकूर न बदलता एमटाइम ताजा करून) फाइल 'मॉडिफाइड' ठरत नाही.

एमटाइम 'नवा की जुना' हे इथे पाहत नाहीत, 'तोच की वेगळा' एवढंच पाहतात. खेड्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर याचा फायदा होतो. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला असला की लाइन जाऊन आली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. 'मेक' (फाइलींच्या वेळा पाहून कोणतं काम पुन्हा करायचं ते ठरवणारं टूल) तिथे गोंधळतं, गिट नाही. गिट फक्त मंदावतं, कारण फाइलीचा एमटाइम इंडेक्सच्या वेळेइतका किंवा त्यापुढचा असला तर गिट नोंदीवर विश्वास ठेवत नाही, मजकूर वाचून खात्री करतं. एकाच सेकंदात इंडेक्समध्ये नोंद करणारं अ‍ॅड आणि एडिट झालं तर चूक होऊ नये म्हणून ही सोय आहे. घड्याळ मागे गेलं की इंडेक्सवर जुनी तारीख पडते आणि सगळ्याच फाइली संशयित ठरतात. नवा सेल टाका, तारीख नीट करा. पुढच्या अ‍ॅडला इंडेक्स नव्याने लिहिला की वेग परततो.

काही न करता सगळ्याच फाइली स्टेटसमध्ये लाल, म्हणजे बदललेल्या, दिसल्या तर आधी 'गिट डिफ' (नेमका बदल दाखवणारी आज्ञा) पाहा. 'ओल्ड मोड १००६४४, न्यू मोड १००७५५' एवढंच असेल तर रेपो (गिटने सांभाळलेलं फोल्डर) पेनड्राइव्हवरून लिनक्समध्ये उघडलाय. पेनड्राइव्हवरच्या एक्सफॅट या फाइल रचनेला एक्झिक्युटेबल बिट (फाइल प्रोग्राम म्हणून चालवायची परवानगी) ठाऊकच नसतो. 'गिट कॉन्फिग'ने 'कोअर.फाइलमोड फॉल्स' करा, संपलं. प्रत्येक ओळ बदललेली दिसली तर विंडोजचे सीआरएलएफ (ओळ संपल्याच्या दोन अदृश्य खुणा) आहेत. रेपोतल्या '.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइलीत '* टेक्स्ट=ऑटो' लिहा, मग 'गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइज .' आणि एक वेगळं कमिट (बदलांची कायमची नोंद). नोंदींच्या कमिटमध्ये हे मिसळू नका, नाहीतर पुढे 'ब्लेम' (कोणती ओळ कोणी कधी बदलली ते दाखवणारी आज्ञा) निरुपयोगी. फक्त पहिलीच ओळ बदलली असेल तर एक्सेलने 'सीएसव्ही यूटीएफ-८' करताना सुरुवातीला तीन बाइटांची बीओएम ही न दिसणारी खूण चिकटवलीय.

मराठीतला खरा ताप वेगळाच. 'वऱ्हाड' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. 'ऱ' आणि हलन्त घेतला तर यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट. साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह) घेतला तर २१. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण हॅश वेगळा, आणि गिटचं म्हणणं बरोबर. घरचा आणि सेवा केंद्रातला कीबोर्ड वेगळा असेल तर डिफमध्ये दोन जुळ्या ओळी बघत बसावं लागतं. एकच कीबोर्ड ठरवा, किंवा कमिटआधी एका स्क्रिप्टने सगळं एका रूपात आणा.

उलटी चूक, म्हणजे बदल होऊनही न दिसणं, क्वचित होते. ५४२० किलोचे ५४०२ केले, आकार तोच, आणि एखाद्या टूलने एमटाइमही जुनाच ठेवला. लिनक्सवर सीटाइम पकडून देतो. विंडोजवर त्या जागी फाइल बनल्याची वेळ असते, ती हलत नाही, 'कोअर.ट्रस्टसीटाइम फॉल्स' करून गिटला सीटाइम पाहू नको असं सांगितलं असेल तर लिनक्सवरही तीच गत. शंका असली तर 'टच' करून पुन्हा स्टेटस घ्या, एमटाइम बदलल्यामुळे गिटला फाइल वाचावीच लागते.

आणि हो, 'कापूस' नावाची फाइल स्टेटसमध्ये \३४०\२४४\२२५ अशी सुरू होत असेल तर फाइल बिघडलेली नाही. 'कोअर.कोटपाथ फॉल्स' करा, नाव देवनागरीत दिसेल.