दारामागची काठी

आमच्या दारामागच्या काठीबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आम्ही राहतो आयर्लंडमध्ये, कॉर्कला. व्हिडिओ कॉलवर दारामागची काठी दिसली की घरचं कुणी ना कुणी विचारतंच, "हॉकी स्टिक का ती? आणि तुम्ही कधीपासून खेळायला लागलात?"

खेळत नाही. ती हर्लिंगची, म्हणजे काठी-चेंडूच्या एका आयरिश मैदानी खेळाची काठी, हर्ली. ॲशच्या झाडाचा बुंधा मुळाशी वळतो ना, तिथून ती काढतात. हातात घेऊन पाहा, लाकडाच्या रेषा पात्याच्या वळणाबरोबर वळलेल्या दिसतील. म्हणूनच ती सहजी मोडत नाही.

ती घरात आली क्रिस्टी रिंगमुळे. १९२० मध्ये क्लॉइन या कॉर्कमधल्या लहानशा गावात जन्मलेला माणूस. अख्ख्या आयर्लंडच्या अजिंक्यपदाची आठ पदकं त्यानं मिळवली, तीनदा कप्तान म्हणून. पोटासाठी मात्र तेलाचा टँकर चालवायचा, कारण या खेळात खेळाडूला पगार नसतो. आजही नाही. मला याचं फार मोल वाटतं.

पण मी त्याचा झालो तो एका हरलेल्या सामन्यामुळे. १९५६ ची अंतिम लढत, डब्लिनचं क्रोक पार्क मैदान, रिंगच्या कॉर्क परगण्यासमोर वेक्सफर्ड परगण्याचा संघ. कॉर्कमध्ये पोलिओची साथ होती म्हणून सामना लांबून सप्टेंबरच्या शेवटाकडे गेलेला. रिंग पस्तिशीचा. जिंकला असता तर नववं पदक, तोवर कुणालाच न मिळालेलं. शेवटची काही मिनिटं उरली होती, कॉर्क थोडक्यानं मागे. रिंगनं चेंडू घेतला, मुसंडी मारली आणि गोलवर सणसणीत फटका हाणला. वेक्सफर्डचा गोलरक्षक आर्ट फोली, अंगानं लहानखुरा. त्यानं तो अडवला. चेंडू तिथून निघाला आणि थोड्याच वेळात वेक्सफर्डनं पलीकडे गोल केला.

आणि रिंग? हातातलं पदक ज्यानं हिरावलं, त्या फोलीशी त्यानं जाऊन हात मिळवला.

सामना संपल्यावर वेक्सफर्डच्या निक ओडॉनेल आणि बॉबी रॅकर्डनं रिंगला खांद्यावर उचललं आणि मैदानाबाहेर नेलं. स्वतःच्या विजयाचा जल्लोष चालू असताना. कॉर्क सहा गुणांनी हरलं होतं.